पट्टी लावली की डोळा दुखतो म्हणते, रिपोर्ट सगळे नॉर्मल (आळशी डोळा, वय ८)

टेकडीवाली:

नमस्कार मंडळी, जरा मोठं होणारे, सांभाळून घ्या.

लेक ८ वर्षांची, तिसरीत. शाळेत डोळे तपासायला आले होते त्यांनी चिठ्ठी दिली की डाव्या डोळ्याने नीट वाचत नाही. आम्हाला काही म्हणजे काहीच कळलं नव्हतं, कारण दोन्ही डोळे उघडे असले की पोरगी सिंहगड रोडवरून येणाऱ्या बसची पाटी माझ्या आधी वाचते. मग मोठ्या डॉक्टरांकडे गेलो, बाहुली मोठी करायचे थेंब घालून नंबर काढला तर उजवा जवळजवळ शून्य आणि डावा अधिक साडेचार, चष्मा लावूनसुद्धा डाव्याने ६/२४ च (म्हणजे इतरांना २४ मीटरवरून दिसतं ते तिला ६ मीटरवरून). आळशी डोळा म्हणाले. काही आठवडे नुसता चष्मा, मग उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं.

आता पट्टी लावली की थोड्या वेळात "आई डोळ्याच्या मागे दुखतंय" सुरू होतं. आम्ही संध्याकाळी लावतो, गृहपाठाच्या वेळेला, म्हणजे जवळचं काम पण होतं असा आमचा हिशोब. ती कपाळ धरून बसते, रडते, पट्टी काढली की थोड्या वेळात बरी होऊन खाली खेळायला. आणि आजोबांकडे गेलो होतो तेव्हा पट्टी लावून त्यांच्याबरोबर पत्ते खेळत बसली होती तर एकदासुद्धा दुखलं नाही! परत नेऊन दाखवलं, प्रेशर, पडदा, नंबर सगळं बघितलं, नॉर्मल. दुसऱ्या एका ठिकाणी तर तिच्यासमोरच सांगितलं, "काही झालेलं नाही हिला, नाटकं आहेत." त्यानंतर पट्ट्यांचा डबा नुसता दिसला तरी चेहरा पडतो तिचा.

घरात दोन पार्ट्या झाल्यात. सासूबाई म्हणतात पोरगी रडतेय तर बंद करा ते, आमच्यात कुणाला नाही पट्ट्या लावल्या. नवरा म्हणतो नाटक आहे, दुर्लक्ष कर. माझी एक मैत्रीण काउन्सेलिंग करते तिने काहीतरी वाचायला पाठवलं की वेदना भावनांमधून पण येतात आणि भावनांवर काम केलं की जातात वगैरे, ते वाचून मला अजूनच अपराधी वाटायला लागलंय की मीच काही करून ठेवलंय का. त्यात एका हॉस्पिटलात विचारलं की मुलांच्या आळशी डोळ्यावर स्टडी आहे, पट्टी की थेंब ते लॉटरीने ठरणार, नाव घालू का. सासूबाईंच्या कानावर गेलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "नातीवर प्रयोग नको."

तर दुखणं खरं मानायचं की नाही, पट्टी चालू ठेवू की नको, आणि स्टडीचं काय करू. ज्यांनी यातून काढलंय त्यांनी प्लीज लिहा.


चष्मिष_कोथरूड:

आमचं झालंय हे सगळं, मुलगा आता नववीत आहे. आधी सांगा पट्टी कुठली, कातडीला चिकटवायची का चष्म्यावर चढवायची कापडी? चिकटवायची असेल तर काढल्यावर भुवईच्या आजूबाजूला लाल होतंय का बघा, आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये घामाने पुरळ यायचं आणि तो पण "डोळा दुखतो" असंच सांगायचा, लहान मुलांना कुठे दुखतंय ते बोट ठेवून सांगता येतंच असं नाही. पट्टीखाली पापणीचा केस दुमडला तरी टोचतं. कापडी असेल तर वेगळाच घोळ, कडेने बघतात. आमचा हिरो मान तिरकी करून चांगल्या डोळ्याने टीव्ही बघायचा आणि आम्ही आपले खूश, किती गुणी बाळ.

बंद मात्र करू नका हो.


सदाशिवपेठी_काका:

आमच्या वेळी शाळेत डोळे तपासायला कोणी येत नसे आणि आलाच तर तो फळ्यावरचं वाचून दाखव म्हणे, आम्ही पाठ केलेलं म्हणून दाखवत असू. पहाटे त्राटक, जेवणात गाजर, झोपताना तळपायाला तूप. आज वय ७१, पेपर वाचतो. बघा पटतंय का. प्रयोग वगैरे भानगडीत पडू नये हे मात्र सासूबाईंचं बरोबर.


ऑप्टो_धनकवडी:

काका, गाजर खा, चांगलंच असतं, पण आळशी डोळ्याचा दोष डोळ्यात नसतोच. डोळ्याकडून लहानपणी धूसर चित्र येत राहिलं की मेंदू त्या डोळ्याचं ऐकणं सोडून देतो, तिथे त्राटक काय करणार. एका डोळ्याने तुम्ही पेपर वाचला असतात तरी तुम्हाला कळलं नसतं, या ताईंच्या मुलीचं तेच तर झालंय.

टेकडीवाली ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर आणि नंबर तपासणारा, डॉक्टर नाही, आणि मुलीला न बघता लिहितोय हे धरून वाचा. तुमच्या अख्ख्या पोस्टमध्ये सगळ्यात कामाची ओळ पत्त्यांची आहे.

आळशी डोळ्याची नजर तर कमी असतेच पण जवळचं फोकस धरून ठेवायची ताकदही बऱ्याचदा कमी असते. चांगला डोळा झाकायचा आणि या डोळ्याकडून गणिताच्या पुस्तकातली बारीक अक्षरं वाचून घ्यायची, ते पण दिवसभर शाळा करून दमल्यावर. जड जाणारच. कपाळ धरणारच पोरगी. म्हणजे नाटक नाही, आणि डोळ्याला इजा होतेय असंही नाही. पत्ते मोठे, रंगीत, एका नजरेत कळणारे, चुकलं तर आजोबा हसतात, म्हणून तिथे दुखत नाही.

आता हे बघा. अमेरिकेत पीडिग म्हणून ग्रुप आहे, पीडिॲट्रिक आय डिसीज इन्व्हेस्टिगेटर ग्रुप, १९९७ पासून चालू आहे, पैसा तिथल्या सरकारी नॅशनल आय इन्स्टिट्यूटचा आणि त्यात युनिव्हर्सिटीवाल्यांबरोबर साधे दवाखाने चालवणारे डॉक्टरसुद्धा पेशंट घालतात, त्यामुळे निकाल आपल्यासारख्यांच्या कामाचे असतात. तुम्हाला "दोन तास" सांगितलं ना, ते बरंचसं त्यांच्यामुळे, त्याआधी मुलं दिवसाचा मोठा भाग पट्टी लावून फिरायची. २००३ मध्ये त्यांनी मध्यम आळशी डोळ्याची (६/२४ त्यातच येतं) १८९ मुलं घेऊन दोन तास विरुद्ध सहा तास असं केलं, चार महिन्यांनी दोन्हीकडे सुधारणा सारखीच, तपासणीच्या तक्त्यावर सरासरी जवळपास अडीच ओळी. ती मुलं सातच्या आतली होती. तुमच्या मुलीच्या वयासाठी २००५ चा निकाल बघायचा, ७ ते १७ वयाची ५०७ मुलं, त्यातल्या ७ ते १२ च्या गटात चष्म्याबरोबर पट्टी आणि ॲट्रोपिन (चांगल्या डोळ्यात घालायचे थेंब) दिलेल्यांपैकी ५३ टक्के मुलं दोन ओळी किंवा जास्त सुधारली, नुसत्या चष्म्यावर २५ टक्के. म्हणजे आठव्या वर्षी उशीर झाला म्हणून सोडून द्यायचं वय अजिबात नाही आणि सासूबाई म्हणतात तसं बंद केलंत तर हातातली वेळ घालवाल.

आणि तुमचा गृहपाठाचा हिशोब. २००८ साली त्याच ग्रुपने हेच तपासलं, पट्टी लावून जवळचं काम विरुद्ध लांबचं बघणं, ४२५ मुलं. फरक पडला नाही. (ही पण सातच्या आतली, पण आठव्या वर्षी एकदम नियम उलटेल असं मला वाटत नाही.) तर गृहपाठ पट्टीशिवाय करू दे आणि पट्टी लावून टीव्ही, कॅरम, पत्ते, गच्चीत बॉल, काहीही. मी माझ्या पेशंटांच्या आयांना हेच सांगतो आणि बहुतेकींना ते फसवल्यासारखं वाटतं, औषध आहे तर कडूच पाहिजे असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं.

तास मात्र खरे मोजा. इंग्लंडमध्ये पट्टीत सेन्सर घालून बघितलं होतं तर मुलं सांगितलेल्या वेळेच्या निम्मीच लावत होती आणि हिशोब निघाला की साधारण १२० तास खरंच लावली की एक ओळ वाढते. म्हणजे रोज रडून अर्धा तास लावणं आणि हसत दोन तास लावणं यात केवढा फरक पडतो तुम्हीच काढा.


रात्रपाळी:

बालरोगात रेसिडेन्सी करतोय, वॉर्डातून टाइप करतोय, तुटक वाटलं तर समजून घ्या. वरचं सगळं मान्य. फक्त धागा वाचणाऱ्या इतर आईबापांसाठी, कारण प्रत्येकाची केस ही नसते: डोकेदुखीने पोर पहाटे झोपेतून उठत असेल, सकाळी उलट्या होत असतील, दोन दोन दिसत असेल, डोळा नव्याने तिरळा व्हायला लागला असेल, चालताना तोल जात असेल किंवा फोटोत एका बुबुळात पांढरं चमकत असेल तर पट्टी, भावना, पत्ते सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर. यातलं काही नाही, डोळा थेंब घालून नीट तपासलाय, आणि दुखणं ठराविक कामालाच येतंय, तर मग बाकी बोलू. आईकडे किंवा वडलांकडे मायग्रेन आहे का? ते पण विचारात घ्या, मुलांच्या डोकेदुखीत ते फार कॉमन आहे आणि घरात कुणी त्याला मायग्रेन म्हणत नसतं, "पित्त" म्हणतात.


मुक्त_ऊर्जा:

ताई, वेदना म्हणजे शरीरात अडकलेली भावना असते. डावी बाजू आईची असते. तुमच्या आणि मुलीच्या नात्यातली गाठ सुटली की डोळा आपोआप उघडेल. मी ऑनलाइन सेशन घेते, पहिलं फ्री, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


रात्रपाळी:

@मुक्त_ऊर्जा डावा डोळा अधिक साडेचार आहे. ती गाठ चष्म्याच्या दुकानात सुटते.


मनातलं:

वरच्या प्रतिसादामुळेच मला लिहावंसं वाटलं, कारण असल्या लोकांमुळे "भावनिक" म्हटलं की लोक एकतर पळतात नाहीतर आईला दोषी धरतात. मी मुलांबरोबर काम करणारी सायकॉलॉजिस्ट आहे.

टेकडीवाली, तुमच्या मैत्रिणीने पाठवलंय ते बहुतेक दोनपैकी एक असेल. एक म्हणजे डेट्रॉइटच्या वेन स्टेट युनिव्हर्सिटीतले मार्क लमली आणि हॉवर्ड शुबिनर नावाचे डॉक्टर यांनी बांधलेली पद्धत, दाबून ठेवलेल्या भावना ओळखायच्या, बोलून दाखवायच्या, त्याने जुनाट दुखणं कमी होतं का बघायचं. २०१७ मध्ये फायब्रोमायल्जियाच्या (अंगभर जुनाट दुखण्याच्या) २३० पेशंटांवर त्याचा अभ्यास आला. दुसरी पेन रीप्रोसेसिंग थेरपी, कोलोरॅडोतल्या बोल्डरची, पाठदुखीची १५१ माणसं, थेरपी घेतलेल्यांपैकी ६६ टक्के लोक शेवटी जवळजवळ वेदनामुक्त, खोटं औषध दिलेल्यांत २० टक्के आणि नेहमीचे उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के. आकडे भारी आहेत, मीसुद्धा पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा वाचले. पण ही सगळी मोठी माणसं, दुखणं महिनोन्महिने किंवा वर्षानुवर्षांचं, तपासून झालेलं. तिसरीतल्या मुलीच्या पट्टीवर ते उचलून चिकटवता येत नाही, म्हणून त्यातलं तंत्र वापरायला जाऊ नका, त्यामागचा विचार तेवढा घ्या.

विचार असा की दुखणं शरीराचं की मनाचं हा प्रश्नच चुकीचा आहे. वेदनेवर काम करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी, तिच्या १९७९ च्या व्याख्येतच वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव म्हटलंय, २०२० मध्ये व्याख्या सुधारली तेव्हाही ते तसंच ठेवलं आणि वर एक टीप घातली की माणूस दुखतंय म्हणाला तर त्याच्या सांगण्याचा मान ठेवावा. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल असणं आणि पोरगी खरं बोलत असणं दोन्ही एकाच वेळी शक्य आहे. "नाटकं" म्हणणाऱ्याने तिला काय शिकवलं? की पुढच्या वेळी अजून जोरात सांगावं लागेल, तरच खरं वाटेल.

आता मिस्टरांच्या पार्टीबद्दल. ते अर्धे बरोबर आहेत, आणि हे मी नाइलाजाने म्हणतेय. २००६ चा एक छान अभ्यास आहे, पोटदुखीची तक्रार असलेली आणि नसलेली मुलं, त्यांना पाणी पाजून पोट तुडुंब भरलं की थोडं दुखतं, आणि आयांना आधीच शिकवून ठेवलेलं. काहींनी सारखी विचारपूस करायची, अगं बाई दुखतंय का, किती दुखतंय, काहींनी दुसऱ्या गप्पांत गुंतवायचं, काहींना काहीच सांगितलं नव्हतं. विचारपूस केलेल्या मुलांच्या तक्रारी जवळजवळ दुप्पट झाल्या आणि गप्पांत गुंतवलेल्यांच्या निम्म्या. आणि खरी गंमत पुढे आहे, पोटदुखीवाल्या मुलांच्या आयांना वाटत होतं की लक्ष दुसरीकडे वळवणं पोराला वाईट वाटेल, आणि मुलं मात्र म्हणाली बरं वाटलं. २०१० मध्ये अशाच पोटदुखीच्या २०० मुलांवर अभ्यास झाला, त्यात तीनच सेशन होती, मुलांना दुखणं हाताळायला आणि पालकांना दुखण्याला प्रतिसाद कसा द्यायचा ते शिकवलं, त्याचाही फायदा दिसला. डोळ्यावरचे अभ्यास नव्हेत हे, पण घरातलं चित्र सारखंच आहे.

फरक एवढाच की दुर्लक्ष मुलीकडे करायचं नाही. एकदा नीट ऐकायचं, जवळ घ्यायचं, "दुखतंय कळलं मला, डॉक्टरांनी बघितलंय, डोळा सेफ आहे, जड काम करतोय म्हणून कुरकुरतोय," आणि मग पत्ते वाटायला घ्यायचे. दर पाच मिनिटांनी "आता दुखतंय का गं?" नको. दुखलं की पट्टी काढली असंही नको आणि दुखलं तरी दोन तास पूर्ण झालेच पाहिजेत असंही नको, आधीच दोघींनी ठरवायचं, हा कार्टूनचा एपिसोड संपला की काढू, आणि तो संपला की खरंच काढायची.

आणि एकदा पट्टी नसताना, पोळ्या करताना वगैरे, समोरासमोर बसवून नाही, विचारा की पट्टीतलं सगळ्यात वाईट काय वाटतं. उत्तर "दुखतं" सोडून काहीतरी वेगळं येईल असा माझा अंदाज. शाळेत कुणी चकणी म्हटलं असेल, काहीही असेल. सुचवू मात्र नका, मुलं आपण सुचवलेलं उचलतात.


ऑप्टो_धनकवडी:

@मनातलं पटलं, पण एक भीती वाटते. आमच्याकडे खरोखर नंबर चुकलेली, ॲलर्जीने डोळे चोळणारी मुलं येतात ज्यांना आधी कुणीतरी "स्ट्रेस आहे" सांगून परत पाठवलेलं असतं. भावनेचं लेबल स्वस्त आहे. आधी डोळा, मग बाकी.


मनातलं:

क्रम तोच आहे हो, मी कुठे वेगळं म्हटलं. पण "मग बाकी" म्हणजे डोळ्याचं संपल्यावर नाही, बरोबरीने. पट्टी लावायला मुलगी तयार नसेल तर तुमचा दोन तासांचा निकाल कपाटातच राहतो.


रात्रपाळी:

या भांडणावर एक अभ्यास आहे जो मला फार आवडतो. जवळ बघताना डोळे पुरेसे आत वळत नाहीत अशी मुलं असतात, वाचताना डोळे दुखतात, ओळी हलतात. त्यांच्यावर २००८ मध्ये २२१ मुलांचा अभ्यास झाला, दवाखान्यात घेतलेले व्यायाम घरच्या पेन्सिल नाकाकडे आणायच्या व्यायामापेक्षा सरस ठरले, मापं पण सुधारली आणि तक्रारी पण कमी. नंतर २०१९ मध्ये ३१० मुलांवर मोठा अभ्यास, खरी थेरपी विरुद्ध दिसायला सेम टू सेम खोटी थेरपी. डोळ्यांची मापं खऱ्या थेरपीत जास्त सुधारली. पण मुलांचा त्रासाचा स्कोअर दोन्ही गटांत जवळजवळ सारखाच उतरला, आणि वाचून समजण्यात खऱ्या थेरपीने जास्त फायदा झाला नाही. मग कुणी आठवडेच्या आठवडे आपल्याकडे लक्ष देतंय, समजून घेतंय, याचाच त्रासावर परिणाम झाला का, का त्रास आपोआपच कमी होत होता, लोक अजून वाद घालतायत. मला एवढं कळलं की डोळ्याचं माप आणि मुलाचा त्रास एकत्रच खालीवर होतील असं गृहीत धरायचं नाही. दोन्ही वेगवेगळे विचारायचे, वेगवेगळे लिहून ठेवायचे.

चला, बेल वाजली.


फॉर्म_भरणारी:

स्टडीच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून मी. क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे, डोळ्यांच्या नाही, दुसऱ्या विभागात, म्हणजे लोकांच्या संमतीचे फॉर्म भरून घेणं हेच माझं आयुष्य.

"नातीवर प्रयोग नको" मी रोज ऐकते आणि आजींचं चूक आहे असं मला वाटत नाही, आपल्याकडे तो शब्दच तसा बदनाम आहे. पण पट्टी आणि थेंब दोन्ही जुने, माहितीतले उपचार आहेत, पट्टी तर अठराव्या शतकापासून वापरतायत. लॉटरी अशासाठी की पालकांना निवडू दिलं तर चिकाटीवाले पालक एका बाजूला जमतात आणि मग मूल उपचाराने सुधारलं की आईच्या चिकाटीने ते कळत नाही. आणि वर ऑप्टोंनी जे दोन तास सांगितले ते कुणाच्या तरी आईने अशाच लॉटरीत पोराचं नाव घातलं म्हणून आपल्याला कळलेत.

सही करायच्या आधी मात्र मागून घ्या. सीटीआरआय नंबर, म्हणजे भारतातली क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदणी, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे, नंबर टाकून साइटवर कुणालाही बघता येतं की नक्की काय तपासणार, किती मुलं, किती दिवस. एथिक्स कमिटीची परवानगी आणि तिथला फोन. चष्मा, पट्ट्या, थेंब, ज्यादा तपासण्या यांचा खर्च कोणाचा. काही बिघडलं तर उपचार कोण करणार. मध्येच बाहेर पडलं तर नेहमीची ट्रीटमेंट चालू राहणार ना (राहायलाच हवी, आणि कारण न देता बाहेर पडता येतं). "विचार करून सांगते" म्हटल्यावर कुणी तोंड वाकडं केलं तर तिथेच उत्तर मिळालं समजा.

मुलीलाही विचारलं पाहिजे हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सात वर्षांवरच्या मुलाला त्याच्या भाषेत समजावून त्याची तोंडी तयारी घ्यायची असते, बारानंतर लेखी. ती नाही म्हणाली तर तुमच्या सहीने ओढून न्यायचं नसतं.

आणि एक, जे मला वरचं सगळं वाचताना सारखं वाटत होतं. नीट चालवलेल्या स्टडीत मूल "दुखतंय" म्हणालं की ते लिहावंच लागतं, कधी सुरू झालं, किती वेळ, काय केलं, कशामुळे वाटतं. आमच्या फॉर्मात "नाटक" असा रकाना नसतो. तुम्हीही घरी वहीत तसंच लिहा, कुठलं काम करताना, किती वाजता, पुढच्या भेटीत डॉक्टरांना वही दाखवा. स्टडीत जा नाहीतर जाऊ नका.


सदाशिवपेठी_काका:

कोऑर्डिनेटर बाईंनी नीट सांगितलं, प्रयोगाबद्दलचं माझं वाक्य मागे. गाजराबद्दलचं नाही.


टेकडीवाली:

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. रोज वाचत होते, लिहायला वेळ होत नव्हता.

गृहपाठ आणि पट्टी वेगळी केली. आता पट्टी लावून आधी कार्टून आणि मग बाबाबरोबर कॅरम (त्याला मी मुद्दाम बसवते, त्याचंही "नाटक आहे" जरा कमी झालंय, शिवाय सारखा हरतोय). दुखणं गेलं नाही पण कपाळ धरून बसणं बरंच कमी आहे आणि पट्टी लावून बसायचा वेळ वाढलाय. वहीत लिहितेय. मायग्रेन विचारलंत ते, हो, मला आहे, आणि आमच्याकडे त्याला पित्तच म्हणतात!

@मनातलं तुम्ही म्हणालात तसं विचारलं, पोळ्या नाही, मटार सोलताना. चकणी वगैरे काही नाही निघालं. म्हणाली पट्टी लावली की अक्षर ओळीच्या बाहेर जातं आणि मग बाई वहीत लाल पेनाने "अक्षर सुधारा" लिहितात. मी वही काढून बघितली तर खरंच, पट्टी सुरू झाल्यापासून पानापानावर शेरा. बाईंना कुठे माहीत होतं म्हणा. शाळेत जाऊन सांगून आले, त्या बिचाऱ्या इतक्या वाईट वाटून घेत होत्या की मलाच त्यांची समजूत काढायला लागली.

स्टडीचा सीटीआरआय नंबर मागितलाय, देतो म्हणालेत, बघू. आता प्रश्न थेंबांचा, लॉटरीत तेच निघाले तर? पट्टीपेक्षा कमी काम करतात का, आणि त्याने पण दुखतं का?


ऑप्टो_धनकवडी:

कमी नाही करत. २००२ चा अभ्यास, ४१९ मुलं, सातच्या आतली, सहा महिन्यांनी पट्टी आणि ॲट्रोपिन दोन्हीकडे सुधारणा जवळपास सारखीच, पट्टीची सुरुवात जरा जलद होती एवढंच. पालकांना विचारलं तर थेंब सोपे वाटले, लोकांनी बघण्याचा प्रश्न नाही ना. नंतर असंही दिसलं की रोजच्याऐवजी फक्त शनिवार रविवार घातले तरी चालतं. थेंब चांगल्या डोळ्यात घालतात, त्याचं जवळचं फोकस सुटतं, म्हणून ज्या दिवसांत परिणाम असेल तेव्हा शाळेत वाचायला त्रास होईल, बाईंना परत एकदा भेटावं लागेल तुम्हाला.

दुखण्याचं म्हणाल तर मुख्य त्रास उजेडाचा. बाहुली मोठी राहते, पुण्याच्या उन्हात डोळे मिटून घेईल, टोपी आणि गॉगल लागेल. चेहरा लाल झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं, विचित्र बडबडायला लागली तर पुढचा थेंब न घालता लगेच फोन करायचा. घातल्यावर नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा म्हणजे अंगात कमी जातं. बाटली कुलपात, घरात लहान भावंड असेल तर नक्कीच, पोटात गेलं तर विषारी आहे ते.

आणि सुधारली की एकदम सोडू नका, पट्टी असो का थेंब. बंद केल्यावर वर्षभरात साधारण चौथा हिस्सा मुलांची नजर परत घसरलेली दिसलीये, म्हणून हळूहळू कमी करतात आणि तपासण्या चालू ठेवतात.

शेवटचं म्हणजे दुकानात बाटली हातात घेऊन वाचा. आळशी डोळ्याला सहसा १ टक्क्याचं ॲट्रोपिन देतात. हल्ली उणे नंबर वाढू नये म्हणून मुलांना ०.०१ टक्क्याचं पण बरंच लिहून देतात, नाव तेच, आणि औषधवाला घाईत दुसरंच हातात ठेवू शकतो.